बैलाचे दावे

घोटावड्याच्या रस्त्यावर धाकट्या भावाची मोटारसायकल घसरली. डोक्याची जखम भरली, तो हिंडूफिरू लागला. पण दुःख होणे मात्र थांबले. बोट चेंगरले तर "दुखतंय" म्हणे, जणू बोट दुसऱ्याचे असावे. स्वतःची मुलगी रडत आली, तरी परक्याच्या लेकराकडे पाहावे तसा पाहत राही.

मेंदूत निरोगी पेशींचे रोपण करता येईल का, असे मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, प्रयोगशाळेत तसे प्रयत्न चालू आहेत, पण माणसासाठी तो अजून उपचार नव्हे. कधीकधी मेंदू आपणहून थोडी वाट काढतो, धीर धरा.

शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "डोक्यात लावणी म्हंजी आदी चिखलणी करावी लागंल, दादा."

डॉक्टर हसले. मीही हसलो.

त्याच वर्षी आम्ही शेतीला ट्रॅक्टर लावायचा आणि बैल विकायचा, असे ठरवले. तो बैल भावाने खोंड असल्यापासून ताटातली भाकरी चारून वाढवला होता. आमच्याकडे विकलेले जनावर घरच्या कर्त्याने घेणाऱ्याच्या स्वाधीन करायचे आणि गळ्यातले दावे सोडून घरी ठेवायचे, अशी रीत आहे. ते काम थोरला म्हणून माझे होते. माझा पाय उचलेना.

"भावजींना धाडा," पत्नी म्हणाली. "त्यास्नी काय वाटायचंय?"

मी मनाशी तेच ठरवले होते. तिच्या तोंडून आले, याचे मला बरे वाटले.

भावाने दावे सोडले, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि आत येऊन चहा मागितला. मी खिडकीआड उभा होतो.

पुढच्या भातलावणीच्या वेळी ट्रॅक्टर चिखलात फिरत असताना भाऊ बांधावरून उठून गेला. गोठ्यात सापडला. दावे मांडीवर घेऊन तो हुंदके देत होता.

भावजय ओरडली, "आवं, रडत्यात ह्ये! बगा की, रडत्यात!" आनंदाने तिचेच डोळे वाहू लागले.

मला आनंद झाला नाही. हे दुःख परत यायला नको होते, हा माझ्या मनातला पहिला विचार होता.

"दादा, माज्याच हातनं का दिलंस त्येला?"

"तुला काही वाटणार नाही, असं वाटलं."

"आन् तुला वाटलं आसतं?"

"हो."

दाव्याची गाठ तो बराच वेळ चाचपत राहिला. "मंग तूच द्याचं व्हतंस. तुला रडाया येत व्हतं."

भावजयीने डॉक्टरांना फोन लावून माझ्या हाती दिला. भावाला रडू आले, एवढे मी सांगितले. ते हरखले, कशामुळे आले, म्हणून विचारू लागले. इथे रेंज नाही, असे म्हणून मी फोन ठेवला.

भाऊ समोरच बसला होता.