आपोआप बंद झालेला गीझर

मंडळी, आज आंघोळ अर्धी झाली आणि गॅसचा गीझर बंद पडला. बाहेर आल्यावर सूनबाई म्हणाली, "आबा, खिडकी लावली होतीत ना? हवा कोंडली की तो आपोआप बंद होतो."

स्वातंत्र्याआधी धुळ्यात आमच्या बंबाला तसलं काही नव्हतं. थंडीत ऊब राहावी म्हणून तो पेटता बंब न्हाणीतच असायचा. दाराबाहेरून माझी मोठी बहीण, अक्का, सारखी विचारायची, "बापू, जित्ता शे का?"

जिवंत आहे हे कळवायला मी ओरडायचो, "शे, शे!"

एकदा निखाऱ्यांनी कोंडलेल्या हवेत मला भोवळ आली. ओ देता आली नाही. अक्काने कडी तोडून मला अंगणात ओढत आणलं.

मागच्या महिन्यात अक्का गेली. आज गीझर बंद झाल्यावर मी आत गप्प उभा राहिलो, ती विचारेल म्हणून.

तुमच्या न्हाणीबाहेर असं कोण असायचं?