आंघोळीच्या आधी

वसतिगृहाच्या गच्चीवर तीन सीनियर मुलांनी मला पट्ट्याने झोडपलं. एकाने अशी कानाखाली लगावली की कानातून रक्त आलं. मग त्यांनीच हातात साबण देऊन मला आंघोळीला पिटाळलं. मी खोलीत येऊन तसाच बसलो आणि ताईला फोन केला. ती पवनारहून मिळेल त्या बसने आली.

"ताई, मजाक होता," दारात उभा असलेला त्या तिघांतला एक जण हसत म्हणाला.

"मजाक? मंग तुह्या कानातून काऊन रक्त येऊन नाई राह्यलं?" त्याला बाजूला सारत ती मला म्हणाली, "आंघोळ करू नको. शर्ट बी बदलवू नको. पयले दवाखान्यात चाल."

डॉक्टरांनी पाठीवरचे वळ, कानाचा फाटलेला पडदा, सगळं नोंदवलं. ती नोंद जोडून आम्ही कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे तक्रार केली. त्या तिघांना काढलं. माझं शिक्षण सुटलं नाही.

यंदा ताई गेली. मी आता कॉलेजात शिकवतो. नव्या मुलांना सांगतो, मार बसला तर आधी दवाखाना, मग लेखी तक्रार, आणि एकटं जायचं नाही.

परवा एकाने विचारलं, "सर, संगं याले कोणी नसन त?"

"मले सांगजो," मी म्हणालो. "मी येतो."