शेजारची सीट

कार्दित्सा शहराच्या भाजीबाजारात फिरता भाजीवाला झिसीस म्हटलं की लोकांना आधी त्याची गाडी आठवायची, मग तो. पांढरी, बुटकी, मागे पेटीसारखी बंद व्हॅन. छपरावर भोंगा, आत दोन्ही बाजूंना फळ्यांचे कप्पे, आणि पुढे एकच सीट, चालवणाऱ्याची. शेजारची सीट त्याने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पाना घेऊन खोलली, कारण तेवढ्या जागेत टोमॅटोचे सहा क्रेट बसत. ती गाडी मोडीत गेली, दुसरी आली, तिचीही सीट पहिल्याच दिवशी बाहेर.

"मग मी कुठे बसू?" असिमीनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं होतं.

"तुला कुठे जायचंय?" तो म्हणाला.

टोमणा नव्हता हो तो! त्याने मनापासून विचारलं होतं, हेच तर वाईट. कुठे जायचंय ते बिचारीला पटकन सांगता आलं नाही, आणि विषय तिथेच मिटला. काढलेली सीट अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली गेली. तिच्यावर बसून असिमीना शेंगा सोलायची, लोकरीचे गुंडे करायची, मुलीला तिने तिथेच पाजलं. वर्षातून एकदा गाडीची सरकारी तपासणी असायची. तिथे सीट लागते, म्हणून झिसीस आदल्या दिवशी ती झाडून-पुसून गाडीत बसवायचा आणि तपासणी झाली की दुपारी परत काढायचा. एका वर्षी असिमीना केस विंचरून, चांगले कपडे घालून दारात उभी राहिली. म्हणाली, "आज सीट लागलेलीच आहे, तर जरा तळ्याला चक्कर मारून येऊ. तासाभरात परत." झिसीस म्हणाला, "आज? कलिंगडाचा ट्रक यायचाय." ती आत गेली, कपडे बदलले आणि चुलीवर बीन्स चढवल्या. त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि झिसीसला वाटलं की तिचा हट्ट गेला.

असा हा माणूस. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात उचलणं नाही. पहाटे चारला उठायचा, मंडईत माल भरायचा आणि आग्राफाच्या डोंगरातली गावं घ्यायचा. तिथे दुकान नाही, बस आठवड्यातून दोनदा, त्यामुळे वळणावर भोंगा वाजला की म्हाताऱ्या पिशव्या घेऊन अंगणाबाहेर येत. घरी मुका असणारा झिसीस डोंगरात मात्र असा काही बोलायचा की विचारू नका. "ये गं सुंदरी, तुझ्यासाठी वांगी ठेवलीत, तुझ्यासारखीच गुटगुटीत!" ऐंशीची म्हातारी लाजायची आणि दोन किलो जास्त घ्यायची.

कस्तानोराखी हे त्या रस्त्यावरचं शेवटचं गाव. तिथे पोलिक्सेनी नावाची विधवा राहायची, सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचा गुडघा सुजला होता. झिसीसचा भोंगा ऐकून ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "मला खाली डॉक्टरकडे सोड." झिसीसने दार उघडून दाखवलं. शेजारी पीचचे क्रेट.

"अरे मेल्या, सीट कुठाय?"

"काढलीय, मावशी."

"सीट काढणारा कसला माणूस तू? उद्या घराचं दार काढशील!"

भोवती चार बायका होत्या. त्या हसल्या. सहा क्रेट बसतात म्हणून काढली, असं सांगायचं झिसीसच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्या बायकांपुढे ते फार हलकट वाटलं त्याला. आणि तोंडातून भलतंच निघून गेलं.

"तिथे बसणारी होती एक. ती गेल्यावर मला ती रिकामी सीट बघवेना."

पोलिक्सेनीने छातीवर क्रूसाची खूण केली. "नाव काय रे तिचं?" तिने हळूच विचारलं. आणि या महाशयांना ऐन वेळी दुसरं नाव सुचू नये!

"असिमीना," तो म्हणाला.

त्या दिवशी पोलिक्सेनीने एकही पीच दाबून पाहिला नाही. मुकाट्याने चार किलो घेतले.

पुढच्या फेरीला सांगून टाकू, असं झिसीसने ठरवलं होतं. पुढच्या फेरीला पोलिक्सेनीने त्याला अंगणात बसवून कॉफी दिली, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "बोल बाळा. बोललं की हलकं वाटतं." मग तो बोलला. ती कशी गाडीत शेजारी बसायची, तिला सोडून तो कुठे म्हणून जायचा नाही, फार्सालाजवळ गाडी थांबवून दोघांनी अंजिरं कशी चोरली, कुत्रा मागे लागला, आणि हसून हसून तिला दार लावता येईना. यातलं काहीही झालं नव्हतं. पण सांगताना झिसीसचे डोळे खरंच भरून आले. घरी जाऊन त्याच बाईपुढे ताटावर बसला आणि "मीठ कमी आहे" एवढंच बोलला. काय म्हणावं अशाला!

पोलिक्सेनी दर हिवाळ्यात त्याला बिही नावाच्या आंबटगोड फळाच्या मुरंब्याची बरणी द्यायची. एकट्या जिवाला कोण करून घालणार, म्हणून. तो मुरंबा घरी असिमीना खायची. रिकामी बरणी तशीच कशी पाठवायची, म्हणून ती त्यात चीज भरलेल्या मिरच्या घालून द्यायची. आता मिरच्या कोणी भरल्या म्हणून सांगणार? झिसीसने सांगितलं, "बहिणीने." अशी सव्वीस वर्षं ती बरणी डोंगर चढत-उतरत राहिली.

सदुसष्टाव्या वर्षी त्याने फेरी बंद केली. पाठ धरली होती. दोन महिने घरात बसल्यावर त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली, की डोंगरातल्या प्रत्येक म्हातारीचं गुडघेदुखीपासून जावयापर्यंत सगळं त्याला ठाऊक आहे, आणि आपल्या बायकोला साखर कधीपासून आहे ते डॉक्टरच्या कागदावरून कळतंय. लाज वाटली त्याला. मनापासून वाटली. आणि अशा वेळी जे एकच काम त्याला जमायचं ते त्याने केलं. पाना घेतला आणि गाडीखाली शिरला.

कप्पे उखडले. तळाला जाड प्लायवूड, वर कॉर्कचा थर, भिंतींना जुन्या क्रेटच्या फळ्या रंधा मारून. मागे आडवा पलंग, त्याच्याखाली ओढायचे दोन खण. दाराशी एका शेगडीचा गॅस, तोटीचा पाण्याचा कॅन, बरण्यांच्या फळीला पुढून दांडी, वळणावर पडू नयेत म्हणून. भोंगा काढला आणि त्याचं भोक बुचाने बुजवलं. मुलीने लारिसाहून पडदे शिवून पाठवले. कितीही धुतली तरी गाडीला कांद्याचा आणि खरबुजाचा वास यायचाच. सर्वांत शेवटी त्याने मांडवाखालची सीट आत नेली, नवा फोम घालून घेतला, नवे बोल्ट घातले आणि असे आवळले की पुन्हा कोणाला निघू नयेत.

"चल," तो म्हणाला, "समुद्रावर जाऊ."

असिमीना वाकून सगळं पाहत होती. खण ओढून बघितला, लावला. "छान केलंयस," ती म्हणाली. "पण समुद्र राहू दे. मला तुझ्या त्या पोलिक्सेनीचं गाव बघायचंय. सव्वीस वर्षं तिचा मुरंबा खातेय मी."

झिसीसला कारणं सुचायला लागली. दरड कोसळलीय म्हणाला. रस्ता वाईट आहे म्हणाला. म्हातारी नव्वदीला आली, असेल की नाही कुणास ठाऊक.

"नसेल तर मेणबत्ती लावून येऊ," असिमीना म्हणाली. "इतकं ऐक माझं, झिसी. आयुष्यात एवढंच मागतेय."

निघाले. ती पुढे बसली, मांडीवर मिरच्यांची बरणी. तासभर ती फक्त बाहेर बघत होती. मग म्हणाली, "इथून केवढं दिसतं रे!" झिसीसला भडभडून आलं. पुढच्या वळणावर सांगू, त्याने ठरवलं. वळण गेलं. त्याच्या पुढच्या वळणावर. तिने पेपरमिंटची गोळी सोलून त्याच्या तोंडात घातली, तेव्हा तर बोलणं अशक्यच झालं. त्या रस्त्याला दीडशेच्या वर वळणं आहेत, आणि याला एकही पुरलं नाही.

पोलिक्सेनी होती. उन्हात खुर्ची टाकून बसली होती, वाळलेली, पण नजर शाबूत. गाडी पाहताच ओरडली, "झिसी! मेला नाहीस वाटतं अजून!" आणि मग तिला शेजारची सीट दिसली, सीटवरची बाई दिसली आणि बाईच्या मांडीवरची बरणी दिसली.

"ओळखली!" तिने टाळी वाजवली. "मिरच्या भरणारी बहीण ती तूच ना?"

झिसीस उगाच हँडब्रेक ओढत बसला. असिमीनाने त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. एकेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं तरी कळतंच, की समोरच्याने काहीतरी लपवलंय.

"हो," ती म्हणाली. "मीच ती."

"ये गं माझी पोर ती!" पोलिक्सेनीने तिचे दोन्ही गाल धरले. "बरं केलंस त्याला घेऊन आलीस. आणि सीट बसवलीन हो त्याने! मला वाटलं नव्हतं माझ्या डोळ्यांनी बघेन म्हणून. तुझ्या वहिनीमागे या माणसाने काय सोसलंय ते मला ठाऊक आहे."

"वहिनीमागे," असिमीना म्हणाली.

"असिमीनामागे. देव तिला शांती देवो." म्हातारी उठली, आतून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेला कागद घेऊन आली. घड्या पडून फाटायला आलेला. मृतांच्या शनिवारी, म्हणजे गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, पाद्रीबुवांकडे वाचायला द्यायचा तो. एका बाजूला जित्यांची नावं, दुसऱ्या बाजूला गेलेल्यांची. "हे बघ. हा झिसी, जित्यांत. आणि ही बघ ती, माझ्या नवऱ्याच्या नावाखाली. सव्वीस वर्षांत एक शनिवार चुकवला नाही मी. गहू उकडते, साखर, डाळिंबाचे दाणे, सगळं तिच्या नावाचं वेगळं काढते."

असिमीनाने कागद हातात घेतला. आपलं नाव वाचलं. झिसीसला वाटलं, आता ती किंचाळेल, कागद फाडेल, मला चपलेने मारेल. मारावं तिने, असंच वाटलं त्याला. तिने कागद नीट घडी करून परत दिला.

"कशी होती ती?" तिने विचारलं. "मी दूर राहायचे. फारसं येणं झालं नाही माझं."

आणि पोलिक्सेनीने सांगितलं. बाई नशिबाची होती म्हणाली. नवऱ्याने कधी एकटी टाकली नाही. सीटवरून उतरू दिली नाही. ती अंजिरं सांगितली, कुत्रा सांगितला, हसून हसून दार लागेना ते सांगितलं. "असं थोडंच पण पुरेसं जगली, बाई," म्हातारी म्हणाली आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. असिमीना मान हलवत सगळं ऐकत होती. झिसीस मोरीच्या कट्ट्यावर बसून बुटांकडे बघत होता.

निघताना पोलिक्सेनीने बरणी भरून दिली आणि असिमीनाच्या कपाळाचा मुका घेतला.

गावाबाहेर पहिल्याच वळणावर झिसीसने गाडी थांबवली. "वळवतो," तो म्हणाला. "सगळं सांगून येतो तिला. आत्ताच्या आत्ता."

"खबरदार!" असिमीना म्हणाली. "नव्वदीची बाई ती. सव्वीस वर्षं जित्या बाईचं श्राद्ध घालत आले, हे तिच्या उरावर ठेवून तुला मोकळं व्हायचंय? जमणार नाही. चालव."

त्याने गाडी चालवली. माफ कर म्हणाला. दोनदा म्हणाला. ती बाहेर बघत होती. चेस्टनटची झाडं संपली, खाली सपाटी दिसायला लागली. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"ती अंजिरं," मग तिने विचारलं. "फार्सालाजवळ कुठे?"

"असिमीना, ते सगळं खोटं..."

"कळलंय मला. कुठे ते सांग."

"पुलाच्या अलीकडे," झिसीस म्हणाला. "तिथे एक बाग आहे. कुंपण पडलेलं."

"झाड खरं आहे?"

"झाड खरं आहे. कुत्राही. मी एकटाच थांबलो होतो. पाच-सहा खाल्ली." आणि मग, विचारलं नसताना, तो म्हणाला, "तू असतीस तर, असं वाटलं होतं तेव्हा. खरंच वाटलं होतं गं."

असिमीनाने मांडीवरची बरणी सरळ केली. मग तिने मान त्याच्याकडे वळवली. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारायचं म्हणून विचारावं तसं तिने विचारलं.

"आणि त्या दिवशी मी घरी काय करत होते?"

झिसीसने आठवून पाहिलं. तो दिवस सोडून दुसरा, तिसरा, कुठला तरी एक दिवस आठवून पाहिला. कार्दित्साची पहिली घरं आली तरी त्याला एकही सांगता येईना.