चष्मेवाल्याचं जांभळं प्रवाळ

गल्लीच्या तोंडाशी चष्मेवाल्याचं दुकान. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की हा गडी भिंगं सटासट बदलत विचारणार, "आता बरं, की मघाशी बरं?" रंग धुरकट दिसतात असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, हा लगेच ओळखायचा, "मोतीबिंदू! जा डॉक्टरकडे, उद्यावर टाकू नका." स्वतःचे डोळे मात्र कधी तपासले नाहीत. "त्यांना काय धाड भरलीय?"

वेड एकच. समुद्रातल्या एका खडकाआड त्याची लाडकी जागा होती. तोंडात नळी, डोळ्यांवर स्वतःचा नंबर बसवलेला काचेचा मुखवटा, आणि पाण्यावर पालथं पडून खालचं जांभळं प्रवाळ बघत राहायचं. ऐकून ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले होते. बायकोला ती जागा दाखवायचं लग्नातच कबूल केलेलं; पण दुकान, मुलं, आणि वर "तुला पोहता कुठे येतं?" ही सबब. स्वतः तोही कित्येक वर्षांत तिकडे फिरकला नव्हता. शेवटी बाई या वयात पोहायला शिकल्या. म्हणाल्या, "अहो, सबब संपली. चला आता."

किनाऱ्यावरच ठिणगी पडली.

"हा चॉकलेटी पोशाख कशाला घेतलास? तुला जांभळा शोभतो."

"जांभळाच आहे हो! ऊन लागलंय तुम्हाला."

आधी तो एकटाच पाण्यात शिरला. खाली बघतो तर काय! जांभळं नाही, निळं नाही. सगळं जुन्या चहाच्या गाळण्यासारखं मळकट. नळी थुंकून धडपडत खडकावर आला.

"मेलं गं सगळं! कुणीतरी पाण्यात विष कालवलंय. तू नको बघूस."

ऐकेल ती बायको कसली! ती आपला मुखवटा चढवून गेली. हा गुडघ्यांत डोकं घालून बसला. इतकी वर्षं जपलेली एकच भेट, तीही सडकी निघाली.

बायको वर आली ती ओरडतच, "अहो, तुम्ही तर कमीच सांगितलं होतंत! केवढं जांभळं ते! आणि निळे मासे माझी बोटं हुंगून गेले!"

"माझं मन राखायला खोटं बोलू नकोस."

"तुमचं मन राखायला मी कधी खोटं बोललेय? एक प्रसंग सांगा."

त्याने तिच्या पोशाखाकडे बघितलं. चॉकलेटीच. डोळे चोळून पुन्हा बघितलं.

"हा... खरंच जांभळा आहे?"

बायकोचं हसू विरलं. तिने मान डोलावली.

चष्मेवाल्याने आळीपाळीने एकेक डोळा झाकून पोशाख पाहिला. मग खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात म्हणाला, "मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. आणि मी समुद्राच्या नावाने बोंब मारत होतो." उठून टॉवेल खांद्यावर टाकला. "चल, डॉक्टरकडे."

"आत्ता? ओल्या अंगाने?"

"उद्यावर टाकू नका, असं आख्ख्या गावाला मीच सांगतो ना?"

"थांबा की जरा," तिने मुखवटा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "तुमच्या वाटचंही बघून येते."