सिंधूची शेगडी

कंधारच्या अलीकडं फाट्यावरून आत गेलं की जी वाडी लागते, तिथं एकतीस घरांत गॅस आला तो सिंधूमुळं. बचत गटाची अध्यक्ष म्हणून तिनं बायकांचे कागद जमवले, नवऱ्यांची कुरकुर ऐकून घेतली आणि शेगडी आली की प्रत्येकीच्या ओट्याशी उभं राहून लायटर धरायला शिकवलं. गाव तिला गॅसवाली म्हणायचं. तिला राग यायचा, पण फार नाही.

तिच्या घरी मात्र भाकरी परसातल्या चुलीवर व्हायच्या. सासू, महादेवी, फुंकणी घेऊन बसायची आणि खोकायची. कुणी विचारलंच तर सिंधू सांगायची, आत्याबाईला गॅसवरची भाकर गोड लागत नाही. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून बायका हसून सोडून द्यायच्या.

परवा गॅस एजन्सीचा दयानंद जाहिरातीच्या फोटोसाठी सिंधूच्या घरी आला. त्याला घरातली सगळ्यांत म्हातारी बाई शेगडी पेटवताना पाहिजे होती. अख्खा गट स्वयंपाकघरात कोंबला गेला. महादेवीला परसातून बोलावलं, तर ती उंबऱ्यातच थांबली. आपल्याला येत नाही म्हणाली.

"घरात एवढी मास्तरीण असून, आजी?" दयानंदनं थट्टा केली.

"तीच म्हनली, हात लावू नका, भडका उडंल. मंग कशाला लावू?"

तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. कुणी हसलं नाही, हेच वाईट झालं.

वीस वर्षं या घरात चूल सासूची होती. मीठसुद्धा विचारून टाकावं लागायचं. गॅस सिंधूच्या नावावर आला, त्या दिवशी म्हातारीनं कौतुकानं बटण फिरवायला हात पुढं केला आणि सिंधू तिच्यावर खेकसली. भडका उडेल हे खोटं आहे, हे तिला बोलतानाच ठाऊक होतं. मग म्हातारी खरंच घाबरली, आणि सिंधूनं घाबरू दिलं. पाच वर्षं.

तिनं लायटर सासूच्या काळ्या हातात दिला. एकतीस घरांत शिकवताना घडाघडा म्हटलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"भडका उडत न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "म्या खोटं बोल्ले व्हते."

गटातल्या बायका फरशीकडं बघू लागल्या. महादेवीनं लायटर उलटासुलटा करून पाहिला.

"मंग सरक जरा," ती म्हणाली.

सिंधू सरकली. तिला बाहेर जायचं होतं, पण एवढ्या बायकांतून दारापर्यंत वाट नव्हती, म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.