रेश्माचं लक्ष

काल शाळेत तपासणीला डॉक्टरबाई आल्या. मुलांना पाठमोरं बसवून त्या मागून हळूच एकेकाचं नाव घेत होत्या. मुलं हसत वळत होती. माझ्या चौथीतली रेश्मा वळली नाही, खिडकीतल्या चिमण्या बघत राहिली.

"जरा मोठ्यानं हाक मारा," मी म्हटलं.

"दुसऱ्यांदा मोठ्यानंच मारली हो."

मला रोजची हजेरी आठवली. तिच्या पुढच्या बाकावरची सीमा 'हजर' म्हणून बसली की लगेच रेश्मा उठायची. सीमा आली नाही, की ही बसूनच. मी चिडायचे, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" लक्ष होतं, वर्गात सगळ्यांहून जास्त. ते सीमाच्या पाठीवर होतं.

कमी दिसणारं मूल डोळे बारीक करतं, फळ्याजवळ येतं. कमी ऐकू येणारं नुसतं गप्प होत जातं, आणि गप्प मूल कुणाला नडतं? मी तर शिक्षा म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं.

आज तिला हाताला धरून पहिल्या बाकावर आणलं. दप्तर छातीशी धरून ती उभीच राहिली.

"बाई, आता माझं काय चुकलं?"