सुधारलेला नवरा

अंबडच्या बसस्टँडजवळ एक बाई शिलाई मशीन घेऊन बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिची हकिकत मात्र न विचारता सगळा बाजार सांगतो. मारणाऱ्या नवऱ्याला सोडून ती माहेरी आली, तेव्हापासून फॉल लावायला आलेली प्रत्येक बाई साडीसोबत एक सल्लाही ठेवून जाते. ती साडी तेवढी ठेवून घेते.

दुपारी डबा खाताना ती मोबाइलवर गाणी लावते आणि सोबत गुणगुणते. नवरा सोडलेल्या बाईनं गाऊ नये, असं शेजारच्या पानवाल्याचं मत आहे. पण तिनं गाणं बदललं की तोच म्हणतो, "आधीचं चांगलं होतं."

परवा मी ब्लाउज आणायला गेले, तर तिच्या नवऱ्याचे मामा येऊन बसले होते. मारहाण चालू होती तेव्हा या मामांना तिच्या घरचा रस्ता कधी सापडला नव्हता.

"पोरगा बिलकुल सुधारला बघ," मामा म्हणाले. "दारू न्हाई, शिवी न्हाई. तू गेल्यापासून कुणावर हात उचलला न्हाई त्यानं."

तिनं दातानं धागा तोडला. "मंग बराबर आहे की, मामा. मी नसल्यानं माणूस सुधरून राह्यला, तर त्याला बिघडवायला कशाला येऊ?"

मामा चहा न घेताच उठले. मला हसू आलं. ती हसली नाही. ती सुईत धागा ओवत होती, पण तो काही केल्या जात नव्हता.

"द्या, मी ओवते," मी म्हणाले.

"राहू द्या, ताई. जमंल मला. येळ लागला तरी इथं कुणी वरडत न्हाई."